सुकन्याचा नंबर

"काकू, फोन कानाला नका लावू, डोळ्यांसमोर धरा. मेसेज आला का?"

छबूकाकू गोठ्यात म्हशीखाली बसल्या होत्या. एका हातात मोबाईल, दुसरा हात दुधाने ओला. त्यांच्या आणि सुकन्याच्या घरात एका कुंपणाचं अंतर होतं, पण सुकन्याच्या आवाजात तेवढाही जोर नव्हता, म्हणून खिडकीजवळच्या खाटेवरून ती त्यांच्याशी फोनवरच बोलायची. भावाचा जुना फोन उशीला टेकवून ठेवलेला आणि तिचा स्वतःचा मांडीवरच्या पाटावर. त्या दुसऱ्या फोनच्या पडद्यावर रानवडगावच्या लसीकरण केंद्राचं नाव आलं होतं. नावासमोर शिल्लक जागांचा आकडा होता, आणि तो डोळ्यांदेखत उतरत होता. चाळीस. एकतीस. बावीस. पुण्या-नाशकाची माणसंही याच वेळी याच आकड्यावर टपलेली असायची. तिकडे नंबर लागला नाही की गाडी काढून ती इकडच्या खेड्यात यायची.

"आलं बाई कायतरी," काकू म्हणाल्या. "पर मला वाचता कुठं येतंय?"

"आकडे येत्यात की. टीव्हीचं च्यानल लावता तसे वाचा. एकेक."

"पाच. मंग शून्य. मंग ह्यो आठ हाय का तीन? थांब, म्हशीनं पाय हालिवला."

सुकन्या थांबली. पडद्यावरचा आकडा अकरावर आला.  काकूंनी तो आठच असल्याचं कबूल केलं आणि उरलेले आकडे एका दमात सांगून टाकले. सुकन्याचा अंगठा पडद्यावरून सरसर फिरला. फिरणारं चक्र जरा वेळ अडकलं, आणि मग हिरवी अक्षरं उमटली.

"झालं, काकू. गुरुवारी जायाचं. आधार कार्ड घिऊन जा."

पलीकडून उत्तर आलं नाही. फोन बहुतेक वैरणीत पडला होता. सुकन्या एकटीच हसत सुटली, दम लागेपर्यंत.

त्या वर्षी, दुसरी लाट ओसरत असताना, अकोले तालुक्यातल्या भोरदऱ्यात हे रोजचंच झालं होतं. डोंगराच्या कुशीतली तीस-चाळीस घरांची वाडी. फोनवर बोलण्यापुरती रेंज कुठेही मिळायची, पण इंटरनेट यायचं ते पाण्याच्या टाकीपाशी, नाहीतर सुकन्याच्या वडिलांच्या, गोरक्षनाथ वाकचौऱ्यांच्या, घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत. त्या खिडकीला लागून सुकन्याची खाट होती. टाकीपाशी उभं राहून कुणी किती वेळ फोन धरणार? सुकन्याला तर खाटेवरून उठायचंच नव्हतं.

ती एकोणतीस वर्षांची होती. आठवीत असताना शाळेतून येताना ती पडायला लागली. आधी सगळे म्हणाले, बघून चालत नाही. मग जिना चढता येईना, मग जमिनीवरून उठता येईना. पुण्याच्या डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. दहावीपर्यंत आईने तिला पाठीवर घेऊन शाळेत नेलं. पुढे तिची पाठही बसायला आधार मागू लागली, आणि थंडीच्या दिवसांत श्वास अपुरा पडू लागला. हातांत जोर उरला नव्हता, पण अंगठे मात्र चलाख होते.

वाडीतल्या बहुतेकांचे नंबर लावून झाले तेव्हा आसपासच्या वाड्यांमधून फोन येऊ लागले. भोरदऱ्याची सुकन्याताई तुम्हीच का, आमच्या आजोबांचं जमेल का, आमच्याकडे साधाच फोन आहे, चालेल का. या माणसांना तिने कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी तिला. आवाजावरून ती त्यांची वयं ओळखायची, कोण घाबरलंय, कोण नुसतंच शेजाऱ्याने घेतली म्हणून मागे लागलंय, हेही ओळखायची. जागा खुल्या होण्याआधी तिला जेवण जात नसे. आणि एकदा तो आकडा पळू लागला, की तिला स्वतःचं जड अंग आठवतसुद्धा नसे. गड्यांनी शर्यतीत बैल सोडावेत तशी ती सुटायची.

हे सगळं तिने आई गेल्यावर सुरू केलं होतं. एप्रिलमध्ये भागूबाईंना ताप आला. संगमनेरला नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. घरातल्या कुणालाही जवळ जाता आलं नाही. सुकन्याने तर आईला जाताना पाहिलं तेही खिडकीतूनच, पिकअपमध्ये चढताना.

घरातल्या सगळ्यांच्या लसी झाल्या होत्या. वडिलांची, म्हणजे नानांची, दुसरीही झाली होती. धाकटा भाऊ अजिनाथ पिकअपमधून वाड्या-वाड्यांचं दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचा. त्याला तर दूध संघानेच घ्यायला लावली होती. त्याची बायको अश्विनी पाच महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरांना विचारून तिनेही घेतली. सुकन्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

छबूकाकूंचा नंबर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शनिवारच्या जागा खुल्या झाल्या. काकूंच्या भाचीचा आणि तिच्या नवऱ्याचा नंबर लावून झाला तरी आकडा अजून तीनवर होता. असं कधी व्हायचं नाही. सुकन्या त्या तीनकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचं नाव घातलं. मेसेज तिच्याच फोनवर आला, वाचून कुणी दाखवायचा नव्हता. तरी या खेपेला अंगठा दोनदा चुकला. हिरवी अक्षरं उमटली तेव्हा आकडा एकवर होता. तिने फोन पालथा घातला आणि कितीतरी वेळ आढ्याकडे बघत हसत राहिली.

रात्री जेवताना तिने सांगितलं. अश्विनी तिला घास भरवत होती, तिचा हात मधेच थांबला. नानांनी ताटातली भाकरी मोडायची थांबवली.

"तुला कशाला गं?" ते म्हणाले. "तू कुठं जाती?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती. लस घेतल्यावर त्यांना स्वतःला दोन दिवस ताप होता. एवढ्या धडधाकट माणसाला आडवं करणारी सुई या काडीएवढ्या पोरीला काय करील, हे त्यांच्या मनात होतं. अजिनाथही म्हणाला, ताई, घरीच येऊन देणार आहेत म्हणे, थांबू या की.

सुकन्याने ते आधीच विचारून ठेवलं होतं. तालुक्याला तिने तीनदा फोन केला होता. अंथरुणावरच्या माणसांना घरी लस द्यायची योजना आहे, नाव सांगून ठेवा, कधी येऊ ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं होतं. एका बाटलीत दहा जणांची लस असते, एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, मग एका माणसासाठी कुणी डोंगर चढून येईल का? हे त्यांनी म्हटलं नाही, पण तिला समजलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशीही ती बोलली होती. त्यांचं म्हणणं होतं, ज्यांचा श्वासच कमजोर त्यांनी सगळ्यांच्या आधी घ्यायला हवी होती. तापाची गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, आणि घाबरायचं नाही.

नानांना हे सगळं ऐकूनही पटेना. ते पुन्हा तेच म्हणाले. बाहेर जाणाऱ्यांनी घेतली की झालं.

सुकन्याने घास गिळला. मग म्हणाली, "नाना, आई तरी कुठं गेलती?"

 अजिनाथ ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला, तो बराच वेळ बाहेरच राहिला. एप्रिलमध्ये घरात पहिल्यांदा खोकला होता तो त्याला, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सुकन्याला वाटलं, आपण बोलायला नको होतं. पण बोलणं मागे घेण्याचीही तिची इच्छा नव्हती.

सकाळी तिला जाग आली ती बाहेरच्या खरखर आवाजाने. नाना मोरीपाशी बसून हातांची प्लॅस्टिकची खुर्ची नारळाच्या काथ्याने घासत होते. खुर्ची दोन वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडली होती. घासून झाल्यावर त्यांनी ती उन्हात ठेवली, वर बसून हलवून पाहिली, आणि एका पायापाशी ती डुगडुगते म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्या पायाला बसवला.

मधले दिवस सुकन्याला कसे गेले ते तिलाच कळलं नाही. अश्विनीने पेटीतून तिचे तीन ड्रेस काढून समोर धरले. सुकन्याने अबोली रंगाचा निवडला. अश्विनी म्हणाली, बाही अरुंद आहे, सुई कशी देतील? मग अश्विनीने बाही उसवून रुंद केली. केस धुवायचे ठरले. मास्क ड्रेसच्या रंगाला जुळणारा हवा, असं सुकन्या म्हणाली आणि स्वतःच लाजली. छबूकाकू गुरुवारी लस घेऊन आल्या, दंड चोळत खाटेशी बसल्या आणि सगळं तपशिलाने सांगितलं. गर्दी लई हाय, पर बसायला खुर्च्या हायेत, सुई मुंगी चावल्यावानी. जिन्याचं त्या बोलल्या नाहीत. दिवसभर रानात चढउतार करणाऱ्या बाईला जिना सांगण्यासारखा वाटला नसावा.

शनिवारी सकाळी अजिनाथने तिला उचलून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं. अश्विनी कडेला बसली आणि तिने सुकन्याला खांद्याचा आधार दिला. मागे दुधाचे कॅन आणि कॅनच्या मधोमध बांधलेली खुर्ची. नाना फाटकापर्यंत आले. त्यांनी खिडकीची काच नीट वर गेली का ते बघितलं. सुकन्याने ती पुन्हा खाली घ्यायला लावली.

दोन वर्षांनी ती घराबाहेर पडली होती. भाताची खाचरं पोटरीला आली होती आणि वाऱ्याने हिरवा रंग एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पळत होता. ओढ्यावर पावसात बुडणाऱ्या फरशीच्या जागी पूल झालेला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वळणावर नवं चहाचं दुकान निघालं होतं, त्याच्यावर तिच्या वर्गातल्या मुलाचं नाव होतं. ती एकेक दाखवत होती, हे कधी झालं, ते कुणाचं, आणि अश्विनी हसून सांगत होती. सुकन्याने अजिनाथला हळू चालवायला सांगितलं. दूध नासंल ताई, असं तो म्हणाला, पण त्याने गाडी हळूच चालवली.

रानवडगावचं केंद्र ग्रामपंचायतीच्या आवारात होतं. अजिनाथने लस घेतली तेव्हा ते खालच्या व्हरांड्यात होतं. आवारात गर्दी दिसत होती, रांग होती. त्याने पत्र्याच्या शेडखाली खुर्ची मांडली, सुकन्याला तीत नीट बसवलं, पाठीमागे उशी दिली. दूध पोचवून तासाभरात येतो, तोवर नंबर लागेलच, असं सांगून तो गेला.

रांग जिन्यावरून वर जात होती. हे आधी अश्विनीच्या लक्षात आलं. ती रांगेतल्या बाईला विचारून आली. पावसात व्हरांडा गळू लागला म्हणून केंद्र वरच्या सभागृहात हलवलं होतं. बुकिंग करताना केंद्राचं नाव दिसतं, वेळ दिसते, किती जागा शिल्लक तेही दिसतं. पायऱ्या दिसत नाहीत. इतक्या लोकांचे नंबर लावले, पण सुकन्यालाही हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

अश्विनी वर जाऊन आली. धापा टाकत तिने सांगितलं, की कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने हात जोडले. वायर वर आहे, नेट वर आहे, खाली येता येणार नाही. दोघाजणांना सांगून उचलून आणा, नाहीतर भाऊ आल्यावर बघा, पण दुपारनंतर बाटली उघडेल का ते सांगता येत नाही.

रांगेतले दोन तरुण लगेच पुढे झाले. ताई, आम्ही नेतो उचलून, त्यात काय. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तिची मान कशी धरायची, कुठे हात घातला की दुखतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी परक्या पुरुषांनी भर आवारात आपल्याला काखेत धरून उचलावं, ड्रेस वर सरकावा, सगळ्यांनी बघावं, हे तिला नको होतं. तिने नको म्हटलं. एकाने पुन्हा आग्रह केला. तिने पुन्हा नको म्हटलं. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, ताई, जाऊ या का घरी? सुकन्याला क्षणभर वाटलं, खरंच जावं. पूल बघितला, भात बघितलं, पुष्कळ झालं.

शेडच्या कोपऱ्यात कट्ट्यावर एक माणूस कुबड्या शेजारी ठेवून बसला होता. चाळिशीचा असावा. त्याच्या बाजूला दोन म्हाताऱ्या गुडघे धरून बसल्या होत्या. त्याने सुकन्याकडे बघून मान हलवली आणि आपलं नाव अमृत असल्याचं सांगितलं. बाजारात घड्याळं दुरुस्त करतो.

"आज तिसरी खेप हाय माझी," तो म्हणाला. "दोन टायमाला जिना बघून माघारी गेलो. आज म्हणलं, गर्दी कमी झाली की बसून बसून चढू. पर जिना वलाय."

"मग कुणाला सांगितलं न्हाई तुमी?"

"काय सांगायचं? आपलाच पाय असा, त्याला जिना काय करंल."

हे त्याने इतक्या सहज म्हटलं, की सुकन्याची कानशिलं तापली. स्वतःसाठी तिला इतका राग आला नव्हता. ती अश्विनीला म्हणाली, तू पुन्हा वर जा. या वेळी कॉम्प्युटरवाल्याला नको, सिस्टरला सांग. खाली चार जण आहेत, सगळ्यांचे नंबर आहेत, आणि आम्ही इथून लस घेतल्याशिवाय जाणार नाही. हे सांगताना तिचा आवाज चढला. चढला म्हणजे तिच्या मानाने.

रांगेत जिन्याच्या पहिल्या पायरीवर असलेला एक गृहस्थ वळून बघू लागला. डोक्याला पंचाची टापर, तोंडावर मास्क. तो रांग सोडून दोन पावलं जवळ आला.

"तुमी भोरदऱ्याच्या सुकन्याताई का?"

तिने हो म्हटलं.

"मी हनुमंत. शेळकंद्याचा. तुमी माझा, मालकिणीचा आन आईचा, तिघांचा नंबर लावून दिला. आवाज वळखला मी." तो तिच्या खुर्चीकडे, तिच्या पायांकडे बघत होता, आणि मग त्याने ते बघणं थांबवून तिच्या डोळ्यांकडे बघितलं. "ताई, तुमी असं हाय हे कदी बोलला न्हाईत."

"तुमी कदी विचारलं न्हाई. ओटीपीच विचारत हुतो की आपण."

तो हसला. मग मागे वळून त्याने रांगेला सांगितलं, की ही ती भोरदऱ्याची ताई. रांगेत कुजबुज झाली. एक बाई वरच्या पायरीवरून वाकून म्हणाली, माझाही त्यांनीच लावलाय. आणखी एक हात वर झाला, मग आणखी एक. सुकन्याला ते चेहरे माहीत नव्हते, पण एकेकाने नाव सांगितलं की तिला आवाज आठवायचा. हे घाबरलेले आजोबा. ही ती, जिचा फोन सारखा कटायचा. तिला एवढ्या माणसांकडे एकाच वेळी कुठे बघावं ते समजेना.

सगळेच काही खूश नव्हते. मागून एकजण म्हणाला, की आम्ही सकाळपासून उभे आहोत, लस खाली गेली तर आमचा खोळंबा. हनुमंत त्याच्याशी भांडला नाही. एवढंच म्हणाला, की माझा नंबर तुमच्या आधी आहे, तो मी मागे घेतो, तुम्ही माझ्या जागी या. तो माणूस जागचा हलला नाही.

तेवढ्यात अश्विनीबरोबर दातीर सिस्टर सज्जात आल्या. उंच, पन्नाशीच्या, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर मास्कची वाफ. त्यांनी कठड्यावरून खाली बघितलं. खुर्चीतली सुकन्या, कट्ट्यावर अमृत, दोन म्हाताऱ्या, आणि फाटकाशी रिक्षात पाय लांब करून बसलेला एक आजारी माणूस, जो तोवर कुणालाच दिसला नव्हता. सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही माणसं कधीपासून बसलीत खाली?" त्यांनी विचारलं.

 त्या आत गेल्या. आत आवाज वाढले, कॉम्प्युटरवाला वायरीचं काहीतरी सांगत होता. मग सिस्टर निळी पेटी स्वतःच्या हातात घेऊन जिन्यावर आल्या आणि रांगेला म्हणाल्या, बाजू द्या. मागोमाग दोघांनी टेबल उतरवलं. कॉम्प्युटर वरच राहिला.

प्रश्न उरला तो कोडचा. ज्याला लस द्यायची त्याच्या फोनवर आलेला चार आकडी कोड कॉम्प्युटरमध्ये भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. हनुमंत जिन्यावर उभ्या असलेल्यांकडे बघून म्हणाला, आपण सांगू की वर. आणि तसंच झालं. सुकन्याने फोन बघून हळू आवाजात आकडे सांगितले. हनुमंतने पहिल्या पायरीवरच्या बाईला, तिने पाचव्या पायरीवरच्या आजोबांना, त्यांनी वळणावरच्या तरुणाला. सात. दोन. दोन. नऊ. आजोबांनी एक दोन खाल्ला. खालून चारपाच जण एकदम ओरडले, दोनदा दोन, दोनदा. वरून आवाज आला, नाव काय. नाव पायरी-पायरीने वर गेलं. सुकन्या गोरक्षनाथ वाकचौरे. इतक्या माणसांच्या तोंडून आपलं नाव जिना चढताना ऐकून तिला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरले. मास्कमुळे हसू तेवढं कुणाला दिसलं नाही.

वरून ओके आला.

सिस्टरनी बाही वर केली. दंड चिमटीत धरून नीट पाहिला, जरा वरखाली चाचपला. मांस फार थोडं होतं. दुखणार नाही, असं त्यांनी सांगितलं नाही. कुठे घेतलेलं तुला बरं पडतं, असं विचारलं. आजवर सुई देताना हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सुकन्याने डावीकडची जागा दाखवली. सुई गेली. छबूकाकूंच्या सांगण्यापेक्षा जास्त दुखलं. तिने तोंडातून आवाज काढला नाही, पण सिस्टरचा मोकळा हात होता नव्हता तेवढा जोर लावून धरून ठेवला. सुई निघाल्यावरही सिस्टरनी तो लगेच सोडवून घेतला नाही.

मग अमृतचा नंबर लागला. कुबड्या काखेत घेऊन तो टेबलापाशी आला आणि आपला कोड इतक्या मोठ्याने म्हणाला, की जिन्याची गरजच पडली नाही. म्हाताऱ्यांचे झाले. सिस्टर पेटी घेऊन रिक्षापर्यंत गेल्या. मग त्यांनी रांगेलाच सांगितलं, की आता उरलेल्यांनीही खालीच या. मघाशी कुरकुरणारा माणूसही गुपचूप खाली आला.

शेडखाली खुर्च्यांची ओळ मांडली गेली. लस घेतल्यावर तिथे अर्धा तास बसायचं. सुकन्याच्या डाव्या हाताला अमृत बसला, उजवीकडे हनुमंत, पलीकडे आणखी माणसं येत गेली. हनुमंतने आपल्या आईची तब्येत सांगितली. अमृतने विचारलं, दुसऱ्या लशीचा नंबर लावायला फोन केला तर चालेल का. ती म्हणाली, केला नाही तर रागवीन. अश्विनी चहा घेऊन आली आणि बशीतून तिला पाजला. बाजूच्यांनी त्याकडे बघितलंही नाही. ते आपापला दंड चोळत पावसाबद्दल बोलत होते.

अजिनाथ आला तेव्हा टेबल खाली, पेटी खाली आणि बहीण माणसांच्या ओळीत बसलेली, हे बघून तो फाटकातच थबकला. अश्विनीने त्याला सगळं सांगितलं. तो जिन्याकडे बघत राहिला, मग सुकन्याजवळ येऊन उकिडवा बसला. जागा बघून मग जायला हवं होतं मी, असं काहीतरी पुटपुटला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा प्रयत्न केला, हात तेवढा वर गेला नाही, म्हणून त्याने डोकंच जरा खाली केलं.

सिस्टर तिकडून म्हणाल्या, तिला पाठीला त्रास होत असेल तर थोडं आधी नेलं तरी चालेल, घरी लक्ष ठेवा. अजिनाथ उठला.

"न्हाई," सुकन्या म्हणाली. "अर्धा तास म्हणलंय ना. पुरा बसते."

अजिनाथने जाऊन पिकअपचं इंजिन बंद केलं.

रस्त्यावर एसटी येऊन थांबली. तीतून काठी टेकत एक आजी उतरली, फाटकातून आत आली आणि जिन्याकडे बघून उभीच राहिली. मग इकडेतिकडे बघत तिने खुर्च्यांच्या ओळीत बसलेल्या मुलीला विचारलं, लशीचा नंबर कुठं लागतो गं, वर का?

"न्हाई, आजी," सुकन्या म्हणाली. "हितं. खालीच."